पान कुणी खाल्लं? शाळेतली देशी झाडांची बाग



परिसर अभ्यासाच्या तासाला फुलपाखराचं जीवनचक्र शिकवायचं होतं. फळ्यावर अंडं, अळी, कोश, फुलपाखरू अशी चित्रं काढण्यापेक्षा खरी अळीच दाखवू, असं ठरवून मुलांना शाळेच्या बागेत नेलं. बाग तशी छान होती. कडेने कापलेलं ड्युरांटाचं कुंपण, मध्ये हिरवळ, कुंड्यांत क्रोटन, फाटकापाशी दोन बॉटल पाम आणि मागे गुलमोहर. पाहुणे आले की कौतुक करून जायचे. पाऊण तास मुलांनी पानन् पान उलटून पाहिलं. एकही अळी मिळाली नाही. एकाही पानाला साधं भोकसुद्धा नव्हतं.

मधल्या सुट्टीत एक मुलगा कुंपणाबाहेरून रुईचं पान घेऊन आला. "बाई, ही बघा!" पानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची जाडजूड अळी आरामात जेवत होती. प्लेन टायगर नावाचं केशरी फुलपाखरू आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याची ही अळी. आणि ती रुई कुठली? दरवर्षी स्वच्छता मोहिमेत आम्ही 'झाडोरा' म्हणून मुलांकडूनच उपटून टाकायचो ती.

त्या दिवशी लक्षात आलं, की आमची बाग हिरवी होती, पण जिवंत नव्हती. जीवनचक्राचा धडा कुंपणाच्या बाहेर होता आणि आम्ही तोच दरवर्षी साफ करत होतो. म्हणून या लेखात देशी झाडांची बाग कशी करायची ते सांगतेच, पण त्याआधी ती का करायची हे बघू. 'का' नीट समजलं की 'कशी' फार अवघड राहत नाही.

देशी झाड म्हणजे नेमकं काय?

माणसाने आणून लावण्याच्या आधीपासून, हजारो वर्षं जे झाड इथल्या मातीत, इथल्या पावसात आणि इथल्या किडामुंगीच्या सोबतीने वाढत आलं ते देशी. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, आपटा, करंज, उंबर, हिरडा, बेहडा ही आपली.

आता शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला आपण काय लावतो ते आठवा. गुलमोहर मादागास्करचा. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. रेन ट्री म्हणजे पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण भागातला. काही झाडांनी तर स्वतःचा पत्ता नावातच ठेवलाय: विलायती चिंच, विलायती शिरीष, विलायती बाभूळ!

पण याचा अर्थ परदेशी ते सगळं वाईट, असा कृपया घेऊ नका. मुलांनाही तसं शिकवू नका. आपली मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोकडचा. त्यांना घरातून काढा असं कुणीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की अख्खी बागच पाहुण्यांनी भरली तर घरच्यांनी जेवायचं कुठे?

मध कुठेही, पण अंडी माहेरीच

इथे पालक हमखास विचारतात, "अहो, पण घाणेरीवर, ड्युरांटावर फुलपाखरं बसतात की!" बसतात, खरं आहे. ती मध प्यायला येतात. चहा कुठल्याही टपरीवर चालतो, पण बाळंतपणाला माहेरच लागतं. फुलपाखराचंही तसंच आहे. मध कुठल्याही फुलातला चालेल, पण अंडी घालायला ठरावीकच झाड लागतं.

असं का? झाडाला पळून जाता येत नाही. म्हणून ते पानांत कडू, तुरट, विषारी रसायनं तयार करून स्वतःचं रक्षण करतं. एखाद्या झाडाची रसायनं पचवायला शिकणं हे कीटकाचं हजारो-लाखो पिढ्यांचं काम असतं. त्यामुळे बहुतेक अळ्या एका झाडाशी किंवा एकाच कुळातल्या काही झाडांशी बांधलेल्या असतात. फुलपाखराची मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान टिपटिप करून त्याची चव घेते आणि खात्री पटली तरच अंडं घालते. हो, फुलपाखराला पायाने चव कळते! हे वर्गात सांगून बघा, मुलांचे डोळे कसे मोठे होतात ते.

आपल्या परिसरातल्या काही जोड्या बघा:

- रुई: प्लेन टायगर. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या आणि पुढे त्या फुलपाखराच्याही वाटेला फारसे जात नाहीत.
- लिंबू, कढीपत्ता, बेल: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. यांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते.
- लिंबू आणि रानातलं माकडलिंबू: ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी. २०१५ साली महाराष्ट्राने हिला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलं.
- बहावा, टाकळा: फिकट पिवळसर-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं.
- वाघाटी: पायोनियर आणि कॉमन गल ही पांढरी फुलपाखरं. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला ज्या वाघाट्याच्या भाजीने सोडायची पद्धत आहे, तीच ही वेल.
- ईश्वरी किंवा सापसण: काळ्या पंखांवर लाल ठिपके असणारी क्रिमझन रोझ.
- कोरांटी: निळी पॅन्सी.

गुलमोहराच्या किंवा ड्युरांटाच्या नावापुढे अशी यादी करायला गेलात तर ती फारच तोकडी होते. ही झाडं इथे येऊन शे-दोनशे वर्षंच झाली. इथल्या बहुतेक कीटकांची त्यांच्याशी अजून ओळखच झालेली नाही.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे गाजरगवत. अमेरिका खंडातलं हे तण १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पाहता पाहता देशभर पसरलं. कारण त्याला खाणारा कीटक इथे नव्हताच. शेवटी मेक्सिकोतून त्याचा खास भुंगा आणून सोडावा लागला. 'कुणीच खात नाही' हा झाडाचा गुण नसतो, हे मुलांना समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

अळी नाही तर चिमणीही नाही

"अळ्या वाढवून काय करायचंय?" असाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर चिमणीपाशी आहे. चिमणी दाणे टिपते हे आपण बालवाडीपासून शिकवतो. पण आपल्या पिल्लांना ती प्रामुख्याने अळ्या आणि मऊ किडे भरवते. अंगावर पिसंही नसलेल्या पिल्लाला कोरडा दाणा कसा पचणार? त्याला प्रथिनं हवीत, मऊ घास हवा. शिंपी, बुलबुल, दयाळ, सूर्यपक्षी यांच्या पिल्लांचं जेवणही बरंचसं असंच. म्हणजे आपण भिंतीला चिमणीसाठी खोका लावतो, वाटीत पाणी ठेवतो, तांदूळ टाकतो आणि बागेत औषध फवारून तिच्या पिल्लांचं ताट मात्र रिकामं करतो.

पान, अळी, पक्षी ही पुस्तकातलीच अन्नसाखळी आहे. बागेत तिची पहिली कडी देशी पानाची.

आपल्या गावचं झाड कसं ओळखायचं?

देशी म्हणजे 'भारतातलं कुठलंही' असंही नाही. कोकणातली सुरंगी किंवा कोकम सोलापूरच्या माळावर रडत राहील. विदर्भात मोह आणि चारोळी शोभतील, दख्खनच्या कोरड्या पठारावर हिवर, बोर, पळस आणि आपटा. मग आपल्या जागेचं झाड शोधायचं कसं? मुलांना घेऊन तीन ठिकाणी शोधा.

*पहिलं, नकाशात.* वडगाव, पिंपळगाव, पळसदेव, सावरगाव, बाभूळगाव, जांभूळवाडी, बोरगाव, हिवरे... आपल्या पूर्वजांनी गावाला झाडाचंच नाव दिलं. तालुक्याच्या नकाशातून अशी नावं शोधून काढायला सांगा. भूगोल आणि भाषा एकाच तासाला होतील. गुलमोहरगाव कधी ऐकलंय? नाही ना!

*दुसरं, आजीकडे.* "तुझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर कुठली झाडं होती? त्यांचं काय काय खायचात?" एवढे दोनच प्रश्न मुलांनी घरी विचारायचे. करवंदं, बोरं, जांभळं, उंबरं, वाघाटी, टाकळ्याची भाजी अशी यादी घरबसल्या तयार होते. आजीआजोबांना शाळेच्या बागेत हक्काची जागा मिळते, हा वरचा फायदा.

*तिसरं, देवराईत.* जवळ देवराई, जुनं देऊळ किंवा ओढ्याकाठची झाडी असेल तर तिथे सहल न्या. जिथे कुऱ्हाड लागली नाही तिथे गावाचं मूळ रान अजून उभं असतं. मोठी झाडं कुठली, त्यांच्या सावलीत झुडपं कुठली, वेली कशावर चढल्यात, हे वहीत लिहून आणा. तोच आपल्या बागेचा आराखडा.

एका गुंठ्याची बाग

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. एवढी जागा असेल तर कोरड्या भागातल्या शाळेसाठी ही मांडणी चालेल:

- दोन मध्यम झाडं: बहावा आणि आपटा. दोन झाडांत १५-२० फूट अंतर ठेवा. बहावा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास पिवळाधमक होतो. आपटा लावला की दसऱ्याला रानातल्या फांद्या ओरबाडण्याऐवजी गळलेली चार पानं वाटता येतात. (बाजारात आपट्याच्या नावाखाली बऱ्याचदा कांचनाची पानं विकतात. कांचनाचं पान मोठं आणि पातळ, आपट्याचं लहान आणि जाडसर. दोन्ही आणून वर्गात शेजारी शेजारी ठेवा.)
- सात-आठ झुडपं: कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, कुडा, पारिजातक. कडेला करवंदाचं कुंपण केलं तर तार लागत नाही, शिवाय मे महिन्यात मेवा.
- दोन वेली: गुळवेल आणि वाघाटी. वाघाटीला काटे असतात, ती कुंपणावरच चढवा.
- पावसाळी रोपं: तेरडा, टाकळा. एकदा बी पडलं की दरवर्षी आपोआप उगवतात.
- एक मोकळा कोपरा: तिथे काहीच लावायचं नाही. येईल ते गवत येऊ द्या. जमिनीत घर करणाऱ्या एकांड्या माश्यांना उघडी मातीही लागते.

जागा मोठी असेल तर पळस, पांगारा, काटेसावर यांतलं एखादं झाड लावाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये, रान वाळलेलं असताना, ही झाडं पानं टाकून फुलांनी भरतात आणि साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी यांची मधासाठी झुंबड उडते. वड, पिंपळ, उंबर मात्र इमारतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून चांगले लांब, शक्यतो मैदानाच्या टोकाला. त्यांची मुळं भिंत बघत नाहीत.

निवड करताना एकच हिशोब ठेवा: वर्षाच्या प्रत्येक महिन्यात बागेत काहीतरी फुललेलं असावं. धायटी आणि पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी, बहावा आणि कुडा उन्हाळ्यात, तेरडा पावसात, पारिजातक पावसाच्या शेवटाला, कोरांटी आणि अडुळसा हिवाळ्यात. मुलांनी असं फुलांचं कॅलेंडर करून वर्गात लावावं.

बी गोळा करण्यापासून सुरुवात

रोपं वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. पण शक्य तेवढी मुलांकडून बियांपासून करून घ्या. स्वतः रुजवलेल्या रोपाला मूल पाणी घालायला विसरत नाही.

प्रत्येक बीची आपली एक तऱ्हा असते. बहाव्याचं बी कठीण कवचाचं. ते एका बाजूने पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात भिजवलं की लवकर रुजतं. (शेंगेतला काळा गर रेचक असतो, मुलांना चाखू देऊ नका.) कडुनिंबाचं बी उलट फार नाजूक. निंबोळी पिकून पडली की दोन-तीन आठवड्यांतच पेरायची, नंतर ती रुजत नाही. पळसाची चपटी शेंग मे-जूनमध्ये गळते, आत टोकाशी एकच बी असतं, तेही ताजंच पेरायचं. करंजाचं बी थेट जागेवर टोचलं तरी चालतं.

खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल, झुडपासाठी एक-दीड फूट पुरे. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली की लागवड करा. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटं जाड थर द्या, फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका.

आणि हो, पाचोळा जाळणं आजपासून बंद. त्यात कोश असतात, गांडुळं असतात, पुढच्या वर्षीचं खत असतं.

दोन उन्हाळे सांभाळा

देशी झाडाला पाणी लागत नाही, हा गैरसमज आहे. एकदा मूळ खोल गेलं की लागत नाही, पण पहिले दोन उन्हाळे त्याला सांभाळावंच लागतं. नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी! शाळांमधली बरीच झाडं पावसाअभावी नाही, सुट्टीमुळे मरतात.

यावर साधा उपाय म्हणजे मटका. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती कापडाची वात बसवायची, मटका रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरायचा आणि वर झाकण ठेवायचं. मग रोज पाणी घालायची गरज नाही, दर तीन-चार दिवसांनी भरला तरी बहुतेक जागी भागतं. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पालकांची पाळी लावा. एका घराकडे दोनच मटके दिले तर कुणाला जड जात नाही.

ज्या शंका येणारच

*साप येतील का?* साप अडगळीत आणि उंदरांच्या मागे येतो. विटांचे ढीग ठेवू नका, वर्गाजवळ आणि पायवाटेजवळ गवत कापलेलं ठेवा, मोकळा कोपरा वर्गापासून लांब घ्या.

*डास?* ते साचलेल्या पाण्यात होतात, झाडात नाही. पक्ष्यांच्या वाटीतलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाका आणि वाटी घासा.

*सुरवंटाने अंगाला खाज आली तर?* नियम एकच: बघायचं, हात लावायचा नाही. केसाळ सुरवंट तर अजिबात नाही.

*विषारी झाडं?* कण्हेर, धोत्रा, कळलावी, गुंज ही शाळेच्या बागेत नकोच. रुई ठेवायची असेल तर कुंपणाच्या कडेला, आणि तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते हे मुलांना आधीच सांगून.

*बाग अस्ताव्यस्त दिसते!* ही तक्रार सगळ्यांत आधी येते, तीही मोठ्यांकडून. तेव्हा पायवाट स्वच्छ ठेवा, वाफ्याला दगडांची नीट कडा करा आणि मुलांच्या अक्षरात पाटी लावा: 'इथली पानं खाल्लेली आहेत, कारण इथे अळ्या जेवतात.' पाटी वाचली की तक्रार करणारे वाकून पानं बघायला लागतात.

बाल्कनीतली शाळा

पालकहो, अंगण नसलं तरी अडत नाही. एका मोठ्या कुंडीत कढीपत्ता, दुसरीत लिंबू, तिसरीत कोरांटी. कढीपत्त्याचं पान कुरतडलेलं दिसलं की औषध आणायला धावू नका. पान उलटा. अळी दिसली तर ती किती मोठी झाली हे मुलाला रोज बघू द्या. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो. तेवढे दिवस आमटीला चार पानं कमी पडली तर चालतील ना?

बागेची वही

आमच्या वर्गात आता एक वही असते. तिचं नाव 'पान कुणी खाल्लं?' त्यात चारच रकाने: तारीख, झाड, काय दिसलं, कुणाला दिसलं. पानाच्या कडेला गोल कातरलेलं असेल तर पानं कापणारी माशी. पानाच्या आत पांढरी नागमोडी रेघ असेल तर पान पोखरणारी इवली अळी. करंजाच्या पानावर फोड असतील तर त्याही एका सूक्ष्म जीवाच्या गाठी. महिनाअखेरीला मुलं नोंदी मोजून स्तंभालेख काढतात, म्हणजे गणितही झालं. मराठीच्या तासाला 'पळसाला पाने तीनच' आणि 'तेरड्याचा रंग तीन दिवस' या म्हणी झाडापाशी उभं राहूनच शिकवल्या. पळसाची पानं मुलांनी स्वतः मोजली. म्हण पाठ करावी लागली नाही.

आमची बाग अजून लहान आहे. ड्युरांटाचं कुंपण अर्धंच काढलंय, त्या जागी करवंदं गुडघ्यापर्यंत आलीत. मागचा गुलमोहर तसाच ठेवलाय. उभं झाड कशाला तोडायचं, त्याच्या सावलीत मुलं डबे खातात. पण आता स्वच्छता मोहिमेच्या आदल्या दिवशी मुलं कुंपणाबाहेर फेरी मारतात आणि रुईच्या ज्या रोपावर अळी असेल त्याला लाल दोरा बांधतात. दोरा बांधलेलं रोप कुणी उपटायचं नाही, हा नियम मुलांनीच केलाय.

तुमच्याही बागेत उद्या एक फेरी मारा. पानं उलटून बघा. सगळी पानं अगदी धडधाकट, कोरीकरकरीत असतील, तर येत्या पावसाळ्यात एक तरी देशी झाड लावायची वेळ झाली असं समजा.